कोण शिवलं, कुणी शिवलं

"तुमची तनया नेमकं काय करते गो?" हा प्रश्न मला देवळात, बसथांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गाठतो. पूर्वी मी "कंपनीत आहे" म्हणून निसटत असे. आता थांबून सांगते. पोकलेन, डोझर, रोलर अशी जी धिप्पाड यंत्रं रस्त्याच्या कामावर दिसतात, त्यांच्या पोटात तीन-चार छोटे मेंदू असतात. एक इंजिन सांभाळतो, एक त्या लांब हाताच्या हालचाली, एक चालकासमोरचा पडदा. ते एकमेकांशी दोन बारीक तारांवरून बोलत असतात. हे बोलणं तुटलं की एवढं मोठं धूड जागच्या जागी मुकं होतं. ते कुठे तुटलं, हे माझी मुलगी शोधते.

"म्हणजे मेकॅनिक," विचारणारी म्हणते.

"हो, मेकॅनिक."

"आणि लग्न?"

"तेही शोधू. आधी मशीन."

हे मी ताठ मानेने सांगते खरी, पण ती घराबाहेर पडली की माझा जीव टांगणीला लागतो. सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, फोनला रेंज नसते. खडीच्या उतारावरून जीप घसरते. ही यंत्रं मागे येताना कुणाला बघत नाहीत. आणि आजूबाजूला सगळे पुरुष, त्यांतले निम्मे तिला बघायलाच आलेले. भीती माझी आहे, ती मी माझ्यापाशी ठेवते. तिचा डबा भरून देते आणि गेट लावते.

तिची ही विद्या चतुर्थीच्या माळेपासूनची. हळर्णच्या आमच्या घरी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीभोवती रंगीत दिव्यांची माळ सोडायचो आणि ती ऐन आरतीला विझायची. तिचे बाबा, गोकुळदास, तेव्हा डिचोलीच्या एका लोहखाणीवर वर्कशॉपात वेल्डर होते. ते माळेच्या एका टोकाला बसून एकेक दिवा काढून बघत, तोवर आरती संपून प्रसादही वाटून होई. एका वर्षी तनयाने माळ मधोमध धरली. "बाबा, अर्धी कुठली चांगली ते आधी बघूया. मग वाईट अर्ध्याची अर्धी." परकरातली पोर ती. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. आरतीच्या दुसऱ्या कडव्याला माळ लागली होती.

खाणी बंद पडल्या आणि बाबा हत्यारांची पेटी घेऊन घरी आले, तेव्हा ती शाळेच्या शेवटाला होती.  मग तिने मयेच्या पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, आणि पुढे डिचोलीत अवजड यंत्रांच्या एका वर्कशॉपात नोकरीला लागली. तिथे तिला पहिल्यांदा सुट्या भागांच्या काउंटरवर बसवलं. पंखा, खुर्ची, ठरलेल्या वेळेची बस. मला तो काउंटर फार आवडायचा. तिला अजिबात नाही. "आई, मी दिवसभर नंबर बघून खोकी देते गो. खोक्यात काय आहे ते दुसरेच उघडतात." वर्कशॉपचे मॅनेजर सतीशबाब यांच्या मागे लागून लागून शेवटी ती जीपमध्ये बसली. साइटवर जाऊन बिघाड शोधायचं काम मिळालं.

ते टिकेल की नाही, याचा निकाल पेडण्यात लागला. आणि तो एका शब्दावरून लागला, म्हणून मला ही हकिगत सांगायची आहे.

मी म्हापशाला कॉलेजात होते तेव्हा भाषेवरून सगळा गोवा पेटला होता. एका भिंतीवर कोकणीच्या घोषणा, समोरच्या भिंतीवर मराठीच्या. बस बंद, वर्ग बंद, आणि मैत्रिणी एकमेकींना विचारायच्या, तू कुठल्या बाजूची? पुढे कोकणी राजभाषा झाली, राज्य मिळालं, आणि मी मराठी घेऊन बी.ए. झाले. आमच्या पेडण्यात घरात बोलतो एक आणि कागदावर लिहितो दुसरं. मला त्यात कधी अडचण वाटली नाही. लग्न होऊन हळर्णला आले तेव्हा सासूबाई महिन्याच्या त्या दिवसांत मला म्हणायच्या, "खंयच आपडू नको." कुठे हात लावू नकोस. आमच्या बोलण्यात स्पर्शाला 'आपडणं' म्हणतात. पुस्तकात त्यालाच 'शिवणं' म्हणतात, हे मी शिकले होते. पण आमच्याकडे शिवतो तो फक्त शिंपी.

तनया मोठी झाली त्या दिवशी सासूबाईंनी तिच्यासाठी ओसरीवर चटई टाकली. मी ती गुंडाळून माळ्यावर टाकली.

"देवाक आपडतली ती!" सासूबाई म्हणाल्या.

"आपडूं दे. देव काय साखरेचा आहे?"

त्यानंतर सासूबाई माझ्याशी पुष्कळ दिवस बोलल्या नाहीत. पण चटई पुन्हा खाली आली नाही.

तर पेडण्यात हमरस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं, त्या वर्षांतली गोष्ट. तिथल्या एका पोकलेनची नेमाने होणारी सर्व्हिस करायला तनया गेली होती. ते चालवणारा जयवंत हा गडहिंग्लजकडचा. कामावर देखरेख करणारे अनिलराव कराडकडचे. सर्व्हिस झाली, ती परत आली. मग पाऊस लागला आणि त्या पोकलेनला विचित्र दुखणं जडलं. सकाळी चावी फिरवली की पडद्यावर यायचं, इंजिनाशी संपर्क नाही. यंत्राचा हात उचलला जायचा नाही. डिचोलीहून जीप पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असे आणि मशीन शहाण्यासारखं चालत असे. डॉक्टर दारात आला की ताप उतरावा तसं. वर्कशॉपातल्या दोघा-तिघांनी जाऊन पडदा बदलला, मग इंजिनाचा मेंदू बदलला. पुन्हा पाऊस, पुन्हा मुकं.

अनिलरावांनी सगळ्या चालकांना रांगेत उभं केलं. "मशीनला कोण शिवलं होतं, खरं सांगा." सगळ्यांनी माना हलवल्या. जयवंत म्हणाला, "साहेब, मी नाही शिवलो. सर्व्हिसवाल्या ताई तेवढ्या आल्यात्या."

लगेच अनिलरावांनी सतीशबाबना फोन लावला. तो फोन वर्कशॉपात सगळ्यांनी ऐकला. जीपचा ड्रायव्हर रुद्रेश मला नंतर म्हणाला, "काकी, फोन स्पीकरार आसलो. सगळें आयकलें हांवें."

"काय म्हणाले?"

"सांगूं काय नाका?"

"सांग."

त्याने सांगितलं. "तुमची बाई मशीनला शिवली आणि मशीन बसलं. बाईमाणसाचे काय दिवस असतील, कुणाला ठाऊक. पुन्हा पाठवू नका."

सतीशबाब माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक ओरडलं की त्यांचा आवाज बसतो. ते तनयाला म्हणाले, "बाये, माझा इलाज नाही. रविवारी एकदा जाऊन बघ. सापडलं तर बरं. नाही तर सोमवारपासून काउंटर. आणि काउंटर म्हणजे कायमचा."

तनयाने घरी येऊन एवढंच सांगितलं. दिवसांचं तिने सांगितलं नाही. तिला वाटलं मला ठाऊक नाही. मीही तिला तसंच वाटू दिलं. मात्र शनिवारी म्हटलं, "उद्या मीही येते."

"कुठे?"

"पेडण्याला. बाजार आहे ना."

"रविवारी कसला बाजार, आई?"

"असतो कसला तरी."

 ती म्हणाली, "येतेस तर तुझी झाडांची झारी घे. मला पाऊस पाडायचा आहे."

रविवारी जीप मिळत नाही, म्हणून आम्ही स्कूटरवरून गेलो. पुढे ती, मागे मी, मांडीवर झारी आणि झारीच्या तोंडात डब्याची पिशवी कोंबलेली. आभाळ भरलेलं होतं, पण पडत नव्हतं. कामावर सुट्टी. पत्र्याच्या खोल्यांसमोर कपडे वाळत होते. जयवंत बनियनवरच आला, मला बघून पुन्हा आत गेला आणि सदरा घालून आला.

"ह्या कोण, ताई?"

"माझी आई. आज हेल्पर."

"आईला आणलासा?" तो हसला. "मग आज मशीनची काय खैर नाही."

मला तो माणूस आवडला. पण त्याच्या हसण्यात धास्ती होती, हेही दिसलं. सगळे त्याला रोज तेच विचारत होते, मशीनला कोण शिवलं.

तनयाने बॅटरी तोडली आणि मला चालकाच्या खुर्चीत चढवलं. एवढ्या उंचावर बसायची मला सवय नाही. समोर काच, बाजूला दांडे, पायाखाली चिखल. तिने एका गोल जोडात मीटरच्या दोन सुया खोचल्या आणि मीटर माझ्या मांडीवर ठेवला.

"काय दिसतं?"

"साठ."

"हे साठ म्हणजे सगळं ठीक. त्या दोन तारांच्या दोन टोकांना एकेक रोधक बसवलेला असतो, दोन्ही मिळून साठ भरतात. तारा कुठे एकमेकींना चिकटल्या तर आकडा खाली येईल, तुटल्या तर वर जाईल. कोरड्यात हे नेहमी साठच दाखवतं, म्हणून कुणाला काही सापडलं नाही. मी बाहेरून तारांवर पाणी घालणार. तू आकडा वाचत राहा. मोठ्याने."

"किती मोठ्याने?"

"बाबांना जेवायला हाक मारतेस तेवढ्या."

ती मागे गेली, इंजिनाचं झाकण उघडलं, आणि तारांचा जुडगा इंजिनापासून केबिनपर्यंत कुठून कुठे येतो ते हाताने चाचपत आली. मग मधोमध थांबली. आधी इंजिनाकडची अर्धी बाजू. झारीचं पाणी पडल्याचा आवाज आला.

"साठ! साठ! साठ!" मी ओरडत होते. चर्चच्या फेस्ताच्या मांडवात तांबोल्याचे आकडे पुकारतात तशी. समोरच्या खोल्यांतून दोन-तीन बाया बाहेर येऊन बघायला लागल्या.

इंजिनाकडची बाजू संपली. काही नाही. ती केबिनच्या मागच्या अंगाला आली. तेव्हा जयवंत मध्ये आला. "अहो ताई, पाणी काय घालताय तिथं! पाणी लागू नये म्हणून तर आमी..."  तनया तोवर ओतायलाही लागली होती.

"साठ. साठ. अठ्ठावन्न." मला वाटलं मीच चुकीचं वाचते. "एक्कावन्न. अगो तनू! त्रेचाळीस! खाली चाललाय!"

"ओरडू नको, आई."

"तूच सांगितलंस ओरड म्हणून!"

ती खाली बसून वाकली होती. मी कशीबशी उतरले. केबिनच्या पाठीमागे, जिथून तारांचा जुडगा बाहेर निघतो तिथे, त्याच्यावर काळ्या रबराचं वेष्टन होतं आणि त्यावर सरळ रेषेत टाके घातलेले. इतके बेताचे की कंपनीनेच घातले असावेत असं वाटावं. आधी येऊन गेलेल्यांना ते तसंच वाटलं असणार.

तनयाने बोट ठेवून विचारलं, "जयवंतभाऊ, हे कुणी शिवलं?"

जयवंत एकदम पांढरा पडला. "आईशप्पथ ताई, मी नाही शिवलो! कितीदा सांगायचं? कोणच शिवलेलं नाही मशीनला!"

"अहो, पण हे कुणीतरी शिवलंय ना?"

"कोण नाही शिवलं! देवाशप्पथ!"

दोघं एकमेकांवर ओरडत होती आणि तो टाका दोघांच्या मध्ये होता. माझ्या बी.ए.चा एवढा सरळ उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मशीनला कोण शिवलं, आणि हे कुणी शिवलं. लिहिताना यात फरक आहे. घाबरलेल्या माणसाच्या कानात नाही. त्यातून गडहिंग्लजकडे दोन्हीला 'मी शिवलो'च म्हणतात.

"जयवंता," मी म्हटलं, "टाके कुणी घातले? सुई-दोऱ्याचे टाके?"

"टाके?" त्याचा चेहरा मोकळा झाला. "टाके व्हय? ते मीच घातलोय की मावशी! बरं जमलंय न्हवं?"

"मग एवढ्या वेळा शिवलो नाही म्हणून शपथा कशाला घेतोस?"

"आता बघा," तो मलाच समजावायला लागला, "फाटलेलं शिवलं म्हणजे मशीनला शिवलो, असं होतंय व्हय? चड्डी शिवली म्हणजे माणसाला शिवलो का?"

तनया खाली बसून हसायला लागली. बराच वेळ हसली. मग तिने विचारलं आणि सगळं बाहेर आलं. सर्व्हिसच्या दिवशी तिनेच त्याला दाखवलं होतं, हे कव्हर फाटलंय, पावसाआधी बदलायला हवं, मी नवीन मागवते. नवीन आलं नाही. पाऊस तोंडावर आला. जयवंतच्या घरी वडील चपला शिवतात. त्याने टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला आणि दाभणाने शिवून टाकला. काळजीने केलेलं काम होतं. यंत्राशी खेळल्याचं त्याच्या मनातही नव्हतं.

"दाभण आत किती गेलं?"

"जाईल तेवढं." मग हळूच, "टोक मोडलं त्याचं. लई शोधलं, घावलं नाही."

ते आम्हाला सापडलं. तनयाने टाके उसवले, आतली एकमेकींत पिळलेल्या तारांची जोडी उघडी केली. एक तार पिवळी, एक हिरवी, आणि दोन्हींच्या आवरणांत घुसून अडकलेलं गंजकं टोक. एका तारेच्या तांब्याला ते पुरतं लागलेलं, दुसरीच्या तांब्यापासून केसभर लांब. कोरडं असलं की दोन्ही तारा आपापल्या जागी. दोऱ्यावाटे पाणी आत ओढलं गेलं की तेवढी फट भरायची आणि बोलणं बंद. जयवंतने ते टोक तळहातावर घेतलं आणि नुसता बघत राहिला.

"मला घालवतील," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

 तनयाने खराब तुकडा कापला, नवा जोडला, मोजून पीळ घातला, जोडांवर तापवून आकसणाऱ्या नळ्या चढवल्या. मग एक जाड पाइप उभा चिरून त्याच्या आत जुडगा बसवला, वरून जयवंतचंच रबर गुंडाळलं. "आता सुई आत जाऊ शकत नाही. शिवा."

जयवंतने दोन्ही हात पाठीमागे नेले. त्याच्या खोलीतून दुसरं दाभण आलं आणि शेवटी तिनेच टाके घातले. वाकडे आले. मी सांगितलं नाही.

एवढ्यात अनिलराव मोटारसायकलवरून आले. कुणीतरी कळवलं असणार. तनयाने बॅटरी जोडली, चावी फिरवली, आणि मशीन घरघरत असताना भरलेली झारी त्याच जागेवर रिकामी केली. पुन्हा भरून पुन्हा. जयवंतने वर चढून मशीनचा हात वर-खाली केला. पडदा गप्प. काही तक्रार नाही.

"काय होतं?" अनिलरावांनी विचारलं.

"तारेत लोखंडाचं टोक घुसलं होतं. काढलं."

"म्हणजे कुणीतरी हात घातला होता. मला वाटलंच." त्यांनी जयवंतकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मॅडम, कोण शिवलं होतं ते नाव सांगा. त्याला आजच गावाच्या गाडीत बसवतो. आणि तुमच्या साहेबांना लगेच फोन करतो, की बाई कामाची आहे, हिलाच पाठवत जा. सांगा."

मला ते अजून दिसतं. केबिनमध्ये जयवंत, दांड्यांवर हात ठेवून, खाली बघत. आणि माझी मुलगी, चिखलाने भरलेली, जिने एवढं एक नाव उच्चारलं असतं की तिची जीप तिची झाली असती.

तिने हात पुसले. "मी शिवलं."

"काय?"

"मी शिवलं. हे बघा, टाके. माझेच आहेत."

'कोण शिवलं'चं उत्तर 'मी शिवले' असं यायला हवं होतं. ती 'शिवलं' म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं. अनिलरावांना तेवढं व्याकरण ऐकू आलं नाही. त्यांचा चेहरा फुलला.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच! तुम्ही शिवलात आणि मशीन बसलं!"

मग मात्र मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि पोकलेनच्या पट्ट्यावर दोन्ही तळहात ठेवले. चिखल, ग्रीस, सगळं.

"मीही शिवले," मी म्हटलं. "खुर्चीवर बसले, दांड्याला धरलं, सगळीकडे शिवले. तुम्ही फोनवर दिवसांचं विचारत होता ना? माझे कधीच सरले. तिचे असतील नाही तर नसतील. मशीन चालू आहे ना? मग ऐका त्याचा आवाज."

तनया माझ्याकडे बघतच राहिली. मला ठाऊक होतं हे तिला तेव्हा कळलं. समोरच्या खोल्यांच्या दारातली एक बाई मोठ्याने हसली. अनिलराव लाल झाले. मोबाइल काढून बाजूला गेले, आणि सतीशबाबना काय सांगत होते ते त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं. तुमच्या बाईने कबूल केलंय. वर आईला घेऊन येते.

परत येताना स्कूटरवर मी तिच्या पाठीत बोलत राहिले. "नाव नको सांगूस, बरोबर आहे. पण मला ठाऊक नाही म्हणायचंस! स्वतःवर कशाला घ्यायचं?"

"ठाऊक नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं."

"आणि आता? काउंटर?"

"बघू."

"बघू म्हणजे काय गो?"

"बघू म्हणजे बघू, आई. झारी नीट धर, पाठीत टोचते."

त्या संध्याकाळी पाऊस कोसळला. सकाळी जयवंतचा फोन आला, अजून उजाडत होतं. मशीन पहिल्या चावीला लागलं होतं. "ताई, मी साहेबाला सांगतो. माझंच काम म्हणून."

"काही सांगू नका," तनया म्हणाली. "पावसात मशीन बंद पडलं नाही, एवढंच सांगा. तेच रोज सांगा."

मी तिचा डबा भरला. काउंटरवर जाताना ती साधा ड्रेस घालायची. आज तिने साइटचे बूट चढवले. मी बघितलं, तिने मी बघितलेलं बघितलं. मी गेट लावून घेतलं आणि दिवसभर हाताला लागेल ते धूत सुटले.

पुढचं रुद्रेशने सांगितलं. ती वर्कशॉपात आली, काउंटरकडे वळलीच नाही. सरळ जीपमध्ये जाऊन बसली, हत्यारांची पिशवी मांडीवर.

"खंय वचपाचें?" रुद्रेशने विचारलं.

"बंद मशीन असेल तिथे."

"सायबान सांगलां तुका काउंटरार..."

"तू गाडी पूस, रुद्रेश."

तो गाडी पुसत राहिला. बाकीचे मेकॅनिक चहा घेता घेता जीपकडे बघून जात. कुणी म्हणालं, उपोषणाला बसली काय. कुणी बिस्किटाचा पुडा आणून दिला. शेवटी सतीशबाब बाहेर आले.

"उतर, बाये. पार्टी म्हणते बाई नको. मी काय करू? तिथे पंखा आहे, खुर्ची आहे..."

"मग पंखा बसवा खुर्चीवर."

"तनया."

"सतीशबाब, तुम्ही सांगितलं सापडलं तर बरं. सापडलं. रात्रभर पाऊस पडला, मशीन चालू आहे, फोन करून विचारा. मला काढायचं असेल तर काढा, मी आत्ता घरी जाते. काउंटरवर जाणार नाही."

सतीशबाब जीपच्या दाराला धरून उभे राहिले. तेवढ्यात त्यांच्याच हातातला फोन वाजला. मयेच्या पुढच्या एका चिऱ्याच्या खाणीवरून होता. डोझरचा पडदा काळा झाला होता, कुणाला तरी पाठवा. ते "हां, हां" करत राहिले. पलीकडून विचारलं असणार, कोण येतोय? सतीशबाबनी बाकीच्या मेकॅनिककडे बघितलं. त्यांच्यापैकी कुणीही गेलं असतं, मोकळेच होते. मग त्यांनी जीपकडे बघितलं.

"तनया गवस येते," ते फोनवर म्हणाले. "हो, बाई. नको असेल तर सांगा, दुसरं कुणी पाठवणार नाही."

रुद्रेश म्हणतो त्यांचा आवाज त्या वेळी अजिबात बसला नव्हता. मी त्याला विचारलं, "मनापासून म्हणाले, की तिला कंटाळून?"

"तें हांव कसो सांगूं, काकी? गाडी चालू करतालों हांव."

कंटाळून म्हणाले असतील तरी माझी हरकत नाही. ती त्या दिवशी अंधार पडल्यावर घरी आली, भिजलेली, गुडघ्याला खरचटलेली. विचारलं तर म्हणाली, डोझरवरून उतरताना घसरले. मी हळद लावली. तिने डबा उघडून उरलेली भाकरी खाल्ली आणि सकाळी लवकर उठव म्हणाली. उद्या पुन्हा मयेला जायचं आहे, अजून सापडलेलं नाही.